आईची तहान

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी. चहाचं नंतर बघू, कामाचं नंतर बोलू, पेला आधी. लाइट बिलवाला असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे असोत, नाहीतर ज्याच्याशी वर्षभर बोलणं बंद आहे तो शेजारी असो. आणि आलेल्यानंही निदान एक घोट घ्यायचाच. अंबरनाथच्या बुवापाड्यात, आमच्या चाळीत, पाण्याला नको म्हणणारा माणूस एक तर भांडून आलेला असतो, नाहीतर आम्हाला कमी समजणारा. आजीनं असे खूप बघितले होते. गावाला तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत, आणि तिच्या घरचं पाणी तर मेले तरी प्यायचे नाहीत. म्हणून कुणी आमचा पेला तोंडाला लावला की आजी त्याचं पिऊन होईस्तोवर त्याच्याकडे बघत बसायची. ती सवय आईनं तिच्याकडून उचलली आणि मी आईकडून.

आणि अशा घरातली माझी आई माझ्याच दारात आली की पेल्यावर हात आडवा धरायची.

लग्नानंतर मी बदलापूरला, कात्रपमध्ये राहायला आले. आई तेव्हा उल्हासनगरला जीन्सच्या एका गाळ्यात कामाला जायची. शनिवारी काम सुटलं की अंबरनाथला न उतरता ती थेट माझ्याकडे यायची. मी पेला पुढे करायची आणि तिचा हात आडवा. "नको गं, आत्ताच प्यायले."

"कुठे प्यायलीस? ओठ बघ जरा आरशात, सालं निघालीत."

"तू आधी सरक," म्हणून ती चपला कशाबशा काढून बाथरूमकडे पळायची. बाहेर येऊन पंख्याखाली बसायची, जरा दम घ्यायची आणि मग सावकाश पाणी मागायची. मला वाटायचं, वय झालं, असेल काहीतरी.

वयाचं काही नव्हतं. त्या गाळ्यात बायकांसाठी संडासच नव्हता.

थांबा, नीट सांगते, नाहीतर रागात मी सगळं उलटंसुलटं सांगेन. खाली पत्र्याचा लांबलचक हॉल. मधोमध शिलाईची मशीनं, त्यांवर पुरुष कारागीर. भिंतीकडेला जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या आमच्या बायका. शिवून आलेल्या जीन्सचे लोंबणारे धागे कापायचे, बटणं ओढून बघायची, घड्या घालून पिशवीत भरायच्या. हॉलच्या टोकाला लोखंडी जिना, जिन्यावर मालकाची एसी केबिन, आणि केबिनला लागून एक स्वच्छ, टाइल्स लावलेला संडास. त्याची चावी मालकाकडे. कारागीर मागे नाल्याच्या भिंतीशी जाऊन यायचे. बायका कुठे जात असतील, हा प्रश्न गाळा बांधणाऱ्याला पडला नाही, भाड्यानं देणाऱ्याला पडला नाही, लायसनवर सही करणाऱ्यालाही पडला नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथे बसलेल्या बायकांना पोटाखाली काही नसतंच, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं!

सुरुवातीची काही वर्षं निभावली ती पापडांवर. हसू नका. पलीकडच्या गल्लीत एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक सिंधी म्हातारी राहायची, घरी पापड लाटून विकायची. फुकट कुणाच्या घरात कसं शिरायचं, म्हणून या बायका दोघी-दोघी मिळून पापड घ्यायला जायच्या आणि पापड बांधून होईपर्यंत तिचं बाथरूम वापरायच्या. म्हातारी काय दुधखुळी होती? तिच्या लगेच लक्षात आलं. "अरे, रोज पापड लेके करोगी क्या? सीधा अंदर जाओ ना," म्हणायची. पण आईला ते पटेना. त्यामुळे आमच्या घरात डब्यात पापड, कपाटावर पापड, शेजारणींना वाटून झाले तरी पापड. लाल मिरीचे, काळ्या मिरीचे, लसणाचे. आईला पापड आवडतात असं चाळभर झालं होतं, आणि ती जेवताना एकही घ्यायची नाही.

मग त्या गल्लीतल्या एका इमारतीचा स्लॅब कोसळला. पालिकेला एकदम जाग आली. म्हातारीच्या बिल्डिंगवर धोकादायक म्हणून नोटीस चिकटवली, लाइट-पाणी तोडलं, आणि ती बिचारी लेकीकडे निघून गेली. जाताना या बायकांच्या गळ्यात पडून रडली म्हणे. बाजाराच्या मागे एक सार्वजनिक संडास होता, तो नवीन बांधतो म्हणून आधीच पाडला होता. तिथे आजही पत्रे उभे आहेत. पत्र्यांवर दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर लागतो, हात जोडून हसणारा. पत्र्यांच्या आत गवत.

तर बायकांनी आपला मार्ग आपणच काढला. पाणी प्यायचंच नाही. सकाळी निघताना अर्धा कप चहा, त्यानंतर घरी परत येईपर्यंत काही नाही. मे महिन्यात, तापलेल्या पत्र्याखाली, जीन्सच्या ढिगाऱ्यात बसून! नवीन पोरगी कामाला आली की तिला कात्री कशी धरायची हे नंतर शिकवायच्या. आधी सांगायच्या, बाटली आणू नकोस, डब्यात आमटी आणू नकोस, सुकी भाजी आण. हे मी कुठे वाचलेलं नाही. माझ्या आईनं असं कितीतरी पोरींना शिकवलं आहे, अगदी मायेनं शिकवलं आहे.

पुढे तिला ताप यायला लागला. हुडहुडी भरून ताप, पाठीत कळा, आणि लघवीला गेली की आतून दात-ओठ चावून कण्हल्याचा आवाज. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून ती तसंच रेटत होती. शेवटी मी हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होता, बिचारा चांगला होता. म्हणाला, "मावशी, एक किडनी जवळजवळ गेली आहे तुमची. आता दुसरीला जपा. पाणी भरपूर प्यायचं आणि लघवी अजिबात अडवून ठेवायची नाही. परत असं इन्फेक्शन झालं तर दुसरीही जाईल, मग डायलिसिस."

आईनं मान डोलावली. मग म्हणाली, "गोळ्या लिहून दिल्या, पाणी लिहून दिलं. आता एक संडास पण लिहून द्या की डॉक्टर."

डॉक्टर हसला. त्याला वाटलं मावशी मजेशीर आहेत.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "उद्यापासून कामाला जायचं नाही. माझ्याकडे राहा." तर ही फुरंगटली. "तुझ्या घरी पाहुणी म्हणून येईन, हक्कानं येईन. पण पोसून घ्यायला नाही येणार. तुझे बाबा गेले तेव्हापासून कुणापुढे हात पसरला नाही मी." आणि वर, "तिथे काय माझं एकटीचं आहे का? बाकीच्या पोरी नाहीत का बसत?" झालं. पुढे बोलायची सोयच ठेवली नाही.

मग मी ठेकेदाराकडे गेले. या बायकांना कामाला लावणारा ठेकेदार कुणी परका नव्हता. बुवापाड्यातलाच, आमच्याच समाजाचा, आमच्या चाळीपासून चार घरं सोडून राहणारा. आई त्याला भाऊ म्हणायची, मी काका. पौर्णिमेला विहारात पांढराशुभ्र सदरा घालून पहिल्या रांगेत, आणि पंचशील म्हणताना ह्याचा आवाज सगळ्यांच्या वर. जयंतीला पाणपोई लावणार हाच, आणि पाणपोईवर आपल्या फोटोचा बॅनर लावणारही हाच.

घरात गेले तर काकूंनी रीतीप्रमाणे आधी पाणी आणलं. मी पेला हातात धरला आणि म्हटलं, "काका, हे पाणी मी बिनधास्त पिते, कारण तुमच्या घरात संडास आहे."

त्याचा चेहरा पडला, पण जीभ नाही पडली. "पोरी, तू शिकलेली आहेस, समजून घे. जागा भाड्याची, खाली ड्रेनेजची लाइन नाही. मालक म्हणतो, एवढी वर्षं कुणी मागितला नाही, आताच कसा लागतो? उद्या त्यानं आपल्या बायका काढून दुसऱ्या आणल्या तर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आपणच आपल्या लोकांच्या पोटावर पाय द्यायचा का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ओठ कुणाचे चावले जातायत ते बघा की काका जरा! माझ्या आईची एक किडनी गेली आहे. दुसरी तुमच्या मालकाच्या चावीला टांगलेली आहे."

"बघतो मी," तो म्हणाला. बघतो म्हणजे काय ते आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

पण चमत्कार म्हणा, थोड्याच दिवसांत गाळ्यात खरंच संडास उभा राहिला! जिन्याखालची जागा साफ केली, पांढरं भांडं बसवलं, भिंतीला टाइल्स, दाराला गुलाबी रंग, दारावर फ्रॉक घातलेल्या बाईचं चित्र. आईनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज पोरीसारखा झाला होता. "अगं, तू काकांना बोललीस त्याचा परिणाम झाला बघ!" मीही फुगले. ऑफिसात मैत्रिणींना सांगितलं, पेढेच वाटायचे बाकी होते.

दारावरचं कुलूप मात्र काही निघेना. आणि मग ठेकेदारानं बायकांना जमवून खरं काय ते सांगितलं. ज्या मोठ्या कंपनीला हा माल जायचा, तिकडून एक मॅडम 'व्हिजिट'ला येणार होती. कामगारांना सोयी आहेत की नाहीत ते बघायला. तिनं विचारलं तर सगळ्यांनी सांगायचं, हो मॅडम, संडास आहे, आम्ही हाच वापरतो. कुलूप का, तर सफाई चालली आहे. भांड्याला खाली पाइप जोडलेलाच नव्हता. नळ होता, त्यात पाणी नव्हतं. मालकानं, ठेकेदारानं सगळा विचार करून ठेवला होता. फक्त आमच्या बायकांच्या एका खोडीचा विचार त्यांनी केला नाही, आणि बायकांनीही केला नाही.

पुढचं मला आईनं सांगितलं, अगदी हातवारे करून. मॅडम आली. कॉटनचा ड्रेस, खांद्याला पिशवी, उन्हानं लालबुंद झालेली. मालक खुर्ची आणायला सांगतो तोवर ती भिंतीकडेला बायकांजवळ येऊन गोणपाटावरच टेकली. मग काय! दारात आलेल्या माणसाला आधी पाणी. आईनं ठेकेदाराच्या माठातून पेला भरून दिला. मॅडम घटाघटा प्यायली, पेल्याला तोंड लावून, अगदी मनापासून. आई सांगत होती, "अगं, विचारलं नाही, पुसलं नाही, आमच्या हातचं प्यायली!" एवढं बघितल्यावर पलीकडची गप्प बसेल? तिनंही दिलं. एकीचं घेतलं आणि दुसरीचं नाही घेतलं तर दुसरीला वाईट वाटायचं, म्हणून मॅडम बिचारी जाईल तिथे घोट घोट घेत गेली. एकीनं घरून मॅडमसाठी म्हणून लिंबू सरबत करून आणलं होतं. एकीनं ताक. स्वतःच्या डब्यात आमटी न आणणाऱ्या बायका ह्या! आल्या पाहुणीला पाणी पाजून पाजून त्यांनी तिची टाकी भरून टाकली.

आणि मग मॅडम उठली आणि म्हणाली, "मावशी, वॉशरूम कुठे आहे? अरे हो, हे काय." आणि सरळ गुलाबी दारापाशी.

हॉलमधली मशीनं थांबली म्हणे. ठेकेदार म्हणाला, चावी सफाईवाल्याकडे आहे. मॅडम म्हणाली, बोलवा. तो म्हणाला, जेवायला गेलाय. मॅडम म्हणाली, थांबते. आणि थांबली. दोन मिनिटं थांबली, चार मिनिटं थांबली, या पायावरून त्या पायावर. आमच्या बायका माना खाली घालून धागे कापत होत्या. शेवटी मालक स्वतः जिन्यावरून खाली आला, "मॅडम, आप ऊपर आइए ना, ऊपर वाला ज्यादा क्लीन है," म्हणत तिला केबिनमध्ये घेऊन गेला.

खाली आली तेव्हा मॅडमचा चेहरा बदललेला होता. तिला कळलं होतं. कसं नाही कळणार, बाईच ना ती! ती परत आईजवळ आली, खाली वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, खरं सांगा. तुम्ही कुठे जाता?"

मागे ठेकेदार उभा. बाजूला बाकीच्या बायका, कुणाच्या पोराची फी, कुणाच्या नवऱ्याची दारू. आई म्हणाली, "इथेच जातो मॅडम. चांगला आहे."

हे ऐकलं आणि मी माझ्या स्वयंपाकघरात हातातली पळी आपटली. "काय म्हणालीस? तोंडात आलेला घास थुंकलास तू! ती विचारत होती ना तुला?"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "ती विचारून गाडीत बसून जाणार. मला उद्या परत त्या पोरींजवळच बसायचं होतं. एकेकीनं नजरेनं हात जोडले गं मला."

"आणि तुझी किडनी?"

"ती काय आज उद्यात जाते का," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. मला तिच्यावर इतका राग आला होता की मी त्या रात्री जेवले नाही. पण खरं सांगू? खरा राग मला त्या मॅडमचा आला होता, आणि आजही येतो. ठीक आहे, आई खोटं बोलली. पण तुला तर स्वतःच्या पोटातून कळलं होतं ना बाई? या पायावरून त्या पायावर तू नाचलीस ना? मग गावकीच्या पाटलासमोर साक्षीला उभं केल्यासारखं माझ्या आईच्या तोंडून कशाला काढून घ्यायला हवं होतं? ती गेली ती गेलीच. माल जातच राहिला. गुलाबी दाराच्या आत ठेकेदारानं पुठ्ठ्याची खोकी भरली.

पावसाळा संपता संपता आईला परत ताप भरला. तोच दवाखाना, तोच डॉक्टर, पण या वेळी तो हसला नाही. "मावशी, तुम्हाला सांगितलं होतं ना?" एवढंच म्हणाला. आई माझ्याकडे आठवडाभर राहिली. घरात बसून पाणी पीत होती, हवं तेव्हा बाथरूमला जात होती, आणि तिच्या तोंडावर तेज आलं होतं. एका संध्याकाळी खिडकीशी बसून म्हणाली, "माझ्या आईला दुसऱ्यांनी पाणी दिलं नाही गं. मला कुणी नाही म्हटलंय? माठ भरलेला आहे समोर. आणि मीच पीत नाही." आपल्या लोकांनी पाण्यासाठी काय केलं ते शाळेच्या पुस्तकातसुद्धा आहे. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

सोमवारी ती कामावर गेली. मी दुपारी हाफ डे टाकून तिला दवाखान्यात न्यायला गाळ्यावर पोचले, तर बायका डबे उघडून बसल्या होत्या. आई उभी राहिली. पिशवीतून पाण्याची भलीमोठी बाटली काढली, झाकण उघडलं आणि सगळ्यांच्या देखत प्यायला लागली. गळ्याची घाटी खालीवर होताना दिसत होती. अर्धी बाटली संपवून तिनं ती शेजारणीपुढे धरली. "घे."

"ताई, अहो..."

"घे म्हणते ना. आपल्यात पाण्याला नको म्हणत नाहीत."

शेजारणीनं घेतलं. मग तिच्या पलीकडचीनं. बाटली संपली तेव्हा एकीनं उठून माठाचं झाकण काढलं. पेला हातोहात फिरत होता. मलाही दिला, मीही प्यायले. सांगते तुम्हाला, इतकं गोड पाणी मी जन्मात प्यायले नसेन. कारागीर मशीनं बंद करून बघत बसले.

ठेकेदार धावत आला. "हे काय नाटक चालवलंय?"

"पाणी पितोय भाऊ," आई म्हणाली. "पाण्याला बंदी आहे का?"

बंदी आहे असं कुठल्या तोंडानं म्हणणार? पाणपोईवाला माणूस! तो तिथेच घुटमळत राहिला. बायका परत कामाला बसल्या, धागे कापायला लागल्या. तासाभरानं आईनं कात्री खाली ठेवली, पदर खोचला आणि जिना चढायला लागली. तिच्यामागे एक, तिच्यामागे दुसरी. लोखंडी जिना खणखणत होता. मी शेवटी होते, तरी मला केबिनमधलं सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, चावी द्या."

मालक फोनवर होता. "कसली चावी? ए, इसको बाहर निकालो. ये सब क्या तमाशा है?"

"तमाशा नाही. बाथरूमला जायचंय. आम्ही सगळ्या पाणी प्यायलोय."

"जहाँ रोज जाती हो उधर जाओ!"

"रोज आम्ही जातच नाही," आई म्हणाली. अगदी साधं, उत्तर दिल्यासारखं म्हणाली. मालकानं फोन खाली ठेवला. बहुतेक त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तो हिशोब मनात मांडला असेल. आईनं पायरीवर बैठक मारली. "आम्ही इथेच बसतो साहेब. पण पोट काही थांबायचं नाही. खाली घड्या घातलेला माल आहे, टेम्पो उभा आहे. मग ओलं झालं तर आमच्या नावानं बोंबलू नका."

जिन्यावर एकदम हशा पिकला. कारागीरही हसले. ठेकेदार वर बघेना. आणि मालकानं, काय सांगू, ड्रॉवर उघडून चावी टेबलावर टाकली. हातात नाही दिली, टाकली. आईनं उचलली. त्या दुपारी एकेक बाई त्या टाइल्सच्या संडासात जाऊन आली, बाहेर येताना तोंडावर पाणी मारून आली, आणि टेम्पो खाली हॉर्न वाजवत उभा राहिला. रिक्षात बसल्यावर आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती आणि तिचा हात माझ्या हातात तापलेला होता.

आठवड्याच्या आत गुलाबी दारामागची खोकी निघाली. पाइप जोडला, पाणी आलं, कुलूप गेलं. ड्रेनेजची लाइन म्हणे नव्हती! ती होती, पलीकडच्या गटारापर्यंत होतीच. काम तेवढंच होतं, एवढी वर्षं तेवढंच होतं.

आणि आईला ठेकेदारानं घरी येऊन सांगितलं, "ताई, तुमची तब्येत बरी नसते. आता आराम करा." तिनं त्यालाही आधी पाणी दिलं होतं. बाकीच्या बायकांनी काय केलं, विचाराल. दोघी भांडल्या, बाकीच्या गप्प राहिल्या. मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझ्या शिव्या ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यासाठीच मी त्या राखून ठेवल्या आहेत.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, तसं झालं. आईनं तो गुलाबी संडास एकदाही वापरला नाही. थंडीत तिचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, आणि डॉक्टरनं रिपोर्ट बघून चष्मा काढून ठेवला. दुसरी किडनीही गेली होती. आता मी तिला नेमानं डायलिसिसला नेते. ती माझ्याकडेच राहते, कात्रपला, पोसून घ्यायला येणार नाही म्हणणारी माझी आई. आणि डॉक्टरनं सांगितलं आहे, पाणी मोजून. दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत भरून ठेवायचं आणि त्यातच गोळ्यासुद्धा गिळायच्या. जास्त झालं तर ते अंगात साचतं, छातीत चढतं, श्वास लागतो. आयुष्यभर संडासापायी तहान मारली, आता तहानेला जागा आहे तर पाणी बंद! हे कुणाला जाऊन सांगू? कुणाच्या दारात हे मडकं फोडू? इन्फेक्शन झालं, लिहिलं आहे कागदावर. आजार म्हणे. आजार नाही हा. हा माझ्या आईला केलेला आजार आहे.

परवा रविवारी गाळ्यातल्या बायका तिला भेटायला आल्या. त्यात एक नवीन पोरगी होती, आईचं काम सुटल्यावर कामाला लागलेली. मी स्वयंपाकघराकडे वळले तर आई म्हणाली, "थांब, मी देते." भिंतीला धरून उठली, ट्रेमध्ये पेले काठोकाठ भरले आणि एकेकीच्या हातात दिले. "पूर्ण प्या गं. ठेवायचं नाही." आणि समोर बसून एकेकीच्या गळ्याकडे बघत राहिली, आजी बघायची तशी. ओठांवरून तिची जीभ फिरत होती. नवीन पोरगी खुशीत सांगत होती, आमच्याकडे काय मावशी, मस्त संडास आहे, मी तर बाटली दोनदा भरते.

तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. तिनं ट्रेमधला उरलेला पेला उचलला आणि आईपुढे धरला. "मावशी, तुम्ही पण घ्या ना."

आईनं पेल्यावर हात आडवा धरला.

"नको गं," ती म्हणाली, "आत्ताच प्यायले."